लेकीला पुढं का शिकायचंय?

सोनपेठहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

परवाच्या बैठकीत एका ताईंनी लेकीच्या एम.ए.साठी गटाकडं कर्ज मागितलं. लगेच कुणीतरी म्हणालं, "बी.ए. झालं की! आता पुण्याला कंपनीत लावा, चार पैसे येतील."

आम्ही लेकीलाच बोलावलं. खाली मान घालून ती म्हणाली, "शिकतेय म्हटलं, की स्थळं दोन वर्षं थांबतात."

बैठक गप्प झाली. आमच्यातल्या किती जणींना अशी दोन वर्षं मिळाली?

लग्न लांबवायला शिकणं, यात कमीपणा नाही. पण ती दोन वर्षं कारणी लागली पाहिजेत. तलाठी, बँकेतला क्लार्क, राज्यसेवा, या परीक्षांना बी.ए. चालतं. सीनियर कॉलेजात शिकवायचं तर मात्र एम.ए. हवं. नेट-सेटसाठी त्यात ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के लागतात. ही परीक्षा एम.ए.च्या शेवटच्या वर्षालाही देता येते. काम करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

लेकीनं सेटचा अभ्यास करायचं ठरवलं. आम्ही कर्ज दिलं. अट एकच, तीही आईला: मधेच लग्न ठरवून शिक्षण तोडायचं नाही. आईनं सगळ्यांसमोर हो म्हटलं.

मैत्रिणींनो, फीचा हिशेब करण्याआधी लेकीला एकदा जवळ बसवून विचारा, तुला पुढं का शिकायचंय?