निफाडची थंडी आणि फेसाळ द्राक्षमद्य

पौष महिन्यांत निफाड तालुक्यांतून पहाटे तीनच्या सुमारास जाणाऱ्यास द्राक्षबागांतून शेकोट्या पेटलेल्या दिसतात. पाचोळा, उसाचें पाचट, ओलसर लांकूड, जें हातीं लागेल तें जाळून शेतकरी बागेंत ऊब आणि धूर धरून ठेवतो. कोणी विहिरीचें कोमट पाणी वेलींच्या मुळाशीं सोडतो. महाराष्ट्रांत थंडीची बातमी आली कीं तींत निफाडचें नांव बहुधा असतेंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा कांहीं वर्षीं पांच अंशांच्याही खालीं उतरतो. गव्हाला ही थंडी मानवते. खाण्याच्या द्राक्षांची मात्र फुगवण थांबते, पाणी उतरूं लागलेले मणी तडकतात, आणि दिवसाचें ऊन व रात्रीचा गारठा यांतील अंतर फार वाढलें म्हणजे हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. ही छटा दिसावयास मोहक खरी. पण परदेशीं माल पाठविणारा व्यापारी तो घड बाजूस काढतो. म्हणून घडांना जुन्या वर्तमानपत्रांचे कागद गुंडाळण्याची रीत पडली आहे.

ज्या गारठ्यास हा शेतकरी भितो, तोच गारठा हवासा वाटणारें द्राक्षही याच जिल्ह्यांत पिकतें. तें खाण्याचें नव्हे, तर फेसाळ पांढऱ्या द्राक्षमद्याचें. द्राक्ष पिकूं लागलें कीं त्यांत साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. रात्री उष्ण असल्या तर मण्यांतील आम्ल झपाट्यानें खर्चीं पडतें. गार असल्या तर तो खर्च मंदावतो. फेसाळ मद्य करतांना एकदां आंबवून तयार झालेल्या मद्यांत पुन्हां साखर व किण्व घालून तें बंद पात्रांत दुसऱ्यांदा आंबवितात. त्या वेळीं निर्माण होणाऱ्या वायूस बाहेर पडावयास वाट नसते. तो मद्यांतच विरघळून राहतो आणि बूच निघतांच बुडबुड्यांच्या रूपानें वर येतो. अंगीं आंबटपणा नसेल तर असें मद्य मिळमिळीत लागतें. म्हणून त्याचीं द्राक्षें इतरांच्या आधीं, अजून आंबट आहेत तोंच, तोडतात.

दिवसा ऊन, रात्रीं गारवा आणि तरीही वेलीस इजा नाहीं, असा योग इटलींत व्हेनिस शहराच्या उत्तरेस कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या गांवांमधील टेकड्यांवर जुळून आला आहे. जगभर 'प्रोसेको' या नांवानें खपणाऱ्या मद्याचें हें मूळ घर. तेथील उतार इतके उभे कीं मातीचे अरुंद बांध घालून त्यांवर गवत वाढूं देतात. दगडी भिंतीऐवजीं गवताचीं मुळेंच माती धरून ठेवतात. यंत्र तेथें चढत नाहीं, मनुष्यच चढतो. आणि त्या कष्टांमुळें तेथील लोक आपल्या शेतीस 'वीरांची द्राक्षशेती' म्हणतात. थोडी बढाई असेल. पण तो चढ डोक्यावर पेट्या घेऊन चढून पाहिल्यावांचून तिला हंसूं नये. २०१९ सालीं या टेकड्यांस युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

उताराचा खरा गुण मात्र दृश्यांत नाहीं. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खालच्या खोलगट भागांत सांचते. टेकडीवरच्या वेलीस रात्रीचा गारवा लाभतो, पण गोठविणारी हवा तिच्या पायाशीं थांबत नाहीं. निफाडची भूमि समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर, म्हणजे इटलींतील त्या बहुतेक टेकड्यांहून उंचच आहे. परंतु ती सपाट आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या पात्रांलगतच्या काळ्या जमिनींत आलेली थंड हवा तेथेंच बसून राहते. जें काम तिकडे उतार फुकट करतो, तें इकडे शेतकऱ्यास शेकोट्या पेटवून करावें लागतें.

दुसराही एक भेद आहे. इटलींत हिंवाळ्यांत वेल झोंपते. निफाडला ती झोंपतच नाहीं. तिला वर्षांतून दोनदां कात्री लावून वळण द्यावें लागतें, एप्रिलमध्यें खरड छाटणी आणि पावसाळा सरतांना गोडी छाटणी. त्यामुळें तिकडे सप्टेंबरांत होणारी तोडणी इकडे हिंवाळ्यांत येते.

या तालुक्यांत द्राक्षाचा पाया १९२५ च्या सुमारास ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं घातला असें मानतात. पुढें पिंपळगांव बसवंत येथें 'पिंपेन' या सहकारी संस्थेनें शांपेन प्रांतांतील तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ मद्य काढलें. तें 'प्रिन्सेस जऊळके' या नांवानें ओळखलें जाई. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें आणि विंचूर येथें त्या उद्योगासाठीं औद्योगिक क्षेत्र उभें राहिलें. २०१३ सालीं फ्रान्सच्या शांदों कंपनीनेंही नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षांचें फेसाळ मद्य बाजारांत आणलें.

या दोन टप्प्यांच्या मध्येंच घात झाला. २००८ च्या जागतिक मंदीनंतर अनेक कारखान्यांकडे माल पडून राहिला आणि त्यांनीं खरेदी आंखडती घेतली. थॉमसनचीं द्राक्षें एका बाजारांत न खपलीं तर दुसऱ्या बाजारांत जातात, तेथेंही न खपलीं तर त्यांचा बेदाणा होतो. मद्याचें द्राक्ष बारीक, बियांचें, जाड सालीचें. तें हातगाडीवर कोणी घेत नाहीं. त्यास एकच गिऱ्हाईक, आणि त्यानें पाठ फिरविली. कित्येकांनीं उभ्या बागा तोडून टाकल्या. ज्या घरांत त्या मद्याचा थेंबही कधीं चाखला गेला नसेल, त्या घरांवर त्याचें कर्ज मात्र बसलें.

इटलींतील शेतकरीही मोठा जमीनदार नव्हे. कार्तिझ्झे ही तेथील सर्वांत नांवाजलेली टेकडी अवघी १०७ हेक्टरांची, आणि ती शंभराहून अधिक मालकांत वांटलेली आहे. पण त्याच्या पाठीशीं सहकारी तळघरें आहेत, कोनेल्यानोची १८७६ सालीं स्थापन झालेली मद्यविद्येची शाळा आहे, आणि कायदा आहे. १८९५ सालीं फेदेरिको मार्तिनोत्ती यांनीं बाटलीऐवजीं मोठ्या बंद टाकींत दुसरें आंबवण करण्याची युक्ति काढली; पुढें १९०७ सालीं फ्रान्सच्या शार्मा यांनीं ती सुधारली आणि प्रोसेको स्वस्त झालें. स्वस्त झाल्यावर तें नांव जो तो घेऊं लागेल हें ओळखून २००९ सालीं इटलीनें द्राक्षाच्या जातीचें नांवच बदलून 'ग्लेरा' केलें आणि 'प्रोसेको' हें नांव ठराविक प्रदेशापुरतें राखून ठेवलें. वेल कोणीही कोठेंही लावावी. नांव त्या प्रदेशाबाहेर न्यावयाचें नाहीं.

'नाशिक व्हॅली वाइन' या नांवासही भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळालेली आहे. परंतु शेनिन ब्लां जातीची बाग लावूं पाहणारा निफाडचा शेतकरी आजही आधीं एकच प्रश्न विचारतो: माल घेण्याचा करार किती वर्षांचा, आणि त्यांत भाव लिहिलेला आहे कीं नाहीं? त्याच्या शेजारच्या बागेंत थॉमसनचे घड कागदांत गुंडाळलेले असतात, आणि पहांटेच्या शेकोटीसाठीं पाचट बांधावर रचून ठेवलेलें असतें.