आधी बोली, मग अक्षर



बारडोली म्हटले की आपणांस 1928 चा सत्याग्रह आठवतो. सारावाढीविरुद्ध उभे राहिलेले शेतकरी आठवतात, वल्लभभाई आठवतात. त्या लढ्यात गावोगाव पत्रिका वाटल्या जात आणि ते प्रचाराचे काम जुगतराम दवे पाहत असत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांना ती पत्रिका दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागे. याच जुगतरामांनी त्यापूर्वी, 1923 साली, लहान मुलांसाठी ‘चालणगाडी’ नावाची बालपोथी तयार केली होती. चालणगाडी म्हणजे आपला पांगुळगाडा! पुस्तक देखणे होते. पण गरिबाच्या मुलास ते परवडणार नाही, असा आक्षेप गांधीजींनी घेतला. ही हकीकत काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे.

गरिबाच्या मुलाला परवडेल असे पहिले पुस्तक कोणते, हा प्रश्न त्याच बारडोलीत आजही उभा आहे. तेथे आता उसाचे विस्तीर्ण मळे आहेत, मोठा सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळी सरली की डांग, धुळे, नंदुरबार या भागांतून ऊसतोडीची कुटुंबे तिकडे जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांच्याबरोबर मुलेही असतात. अशा एखाद्या मुलाची स्थिती ध्यानी घ्या. घरात तो मावची, भिली, कोकणी किंवा अहिराणी बोलतो. नंदुरबारकडच्या गावी असला तर शाळेत त्याला मराठी भेटते; बारडोलीस शाळेत गेलाच, तर फळ्यावर गुजराती दिसते. पहिला धडा तो दोन ठिकाणी दोनदा गिरवतो आणि दोन्हीकडे ‘मंद’ ठरतो.

वस्तुतः हे मूल मंद नाही. तीन भाषा कानांवर झेलणारे मूल मंद कसे असेल? त्याच्या शिक्षणाचा पायाच कोणी घातलेला नसतो. माझे सांगणे एवढेच आहे की, वाचायला मनुष्य एकदाच शिकतो. कागदावरची खूण म्हणजे तोंडातला ध्वनी आणि ध्वनी जोडले की अर्थ, हे गुपित एकदा उमगले म्हणजे पुढची लिपी ही केवळ नवी ओळख असते. ग, म, न, त या अक्षरांची शिरोरेषा काढली की गुजराती रूपे बहुतांशी ओळखू येतात. क, ख, ज, फ यांची वळणे निराळी आहेत, ती थोड्या सरावाने बसतात. परंतु जे मूल मराठीतही वाचायला शिकले नाही, त्याला गुजरातीची ओळख करून देऊन काय उपयोग?

मग हा पायाच कसा घालावा? पहिली गोष्ट, आधी ऐकावे. पहिले काही दिवस मुलांना बोलू द्यावे आणि त्यांचे शब्द आपण टिपून घ्यावेत. ऊस, कोयता, मोळी, पाचट, भाकर हे त्यांचे खरे शब्दभांडार होय. मूल म्हणाले, “बाबा मोळी बांधतो,” तर ते वाक्य फळ्यावर लिहावे आणि शब्दाखाली बोट फिरवीत वाचावे. वाक्य बोलीतले असेल तर तसेच लिहावे. शुद्ध करण्याची घाई करू नये. प्रमाण भाषा पुढे येईलच.

दुसरी गोष्ट, अक्षरे निवडून घ्यावीत. अ ते ज्ञ हा क्रम कोश पाहणाऱ्यासाठी सोयीचा आहे. नवशिक्याला तो लांबचा पल्ला वाटतो. गुजराती शाळांत ग, म, न, ज यांपासून आरंभ करण्याची रीत आहे. ती आपणही घेण्याजोगी आहे. या चार अक्षरांना एक काना जोडला की मामा, नाना, नाग, मान, जागा असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. संपूर्ण बाराखडी घोकण्यापेक्षा एकेक मात्रा अशी शब्दांतून आलेली बरी.

तिसरी गोष्ट, अक्षर दाखवण्यापूर्वी ध्वनी ऐकवावा. मामा, माती, माळ या शब्दांच्या आरंभी काय ऐकू येते, ते मुलांनाच विचारावे. कानाने पकडलेला ध्वनी डोळ्याला लवकर सापडतो.

चौथी गोष्ट, पाठांतराला वाचन समजू नये. धडा धडाधडा म्हणणाऱ्या मुलास मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारावे. किंवा शिकलेल्या अक्षरांचा एखादा नवा शब्द लिहून द्यावा. तो वाचला तरच वाचन आले. पानेच्या पाने उतरवून काढण्याने बोटे दुखतात, वाचन येत नाही.

आणि शेवटची गोष्ट गाव सोडून जाणाऱ्या मुलासाठी. त्याच्या तोंडची वाक्ये लिहिलेली एक वही त्याच्याबरोबर द्यावी. पहिल्या पानावर त्याला कोणती अक्षरे, कोणत्या मात्रा येतात, ते नोंदवावे. पुढल्या शाळेतला शिक्षक तेथून पुढे चालेल. हीच त्या मुलाची चालणगाडी. तिला वहीच्या किमतीपलीकडे खर्च नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. पण कायदा फळ्यापाशी उभा राहत नाही. तेथे उद्या तुम्ही उभे राहणार आहात. मजुरीच्या हिशेबाची चिठ्ठी ज्याला वाचता येत नाही, त्याला मुकादम सांगेल तोच आकडा खरा मानावा लागतो. तुमच्या वर्गातले मूल मोठेपणी ती चिठ्ठी स्वतः वाचू शकेल की नाही, हे पुष्कळसे पहिल्या वर्षी तुम्ही त्याचे बोलणे किती ऐकून घेता, यावर ठरेल.