गीझर तापत नाही तेव्हा

डिसेंबरातली पहाट, विरारची लोकल गाठायची घाई आणि नेमका गीझर तापत नाही. अशा वेळी काय बघायचं?

आधी गीझरवरचा दिवा बघा. लागतच नसेल, तर एमसीबी पडला आहे का आणि 16 अँपिअरचा प्लग काळवंडला आहे का, ते पाहा. काळवंडला असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्या.

दिवा लागतो, पण पाणी कोमटच? मग कॉईलकडे वळा. वसई-विरारमधल्या कितीतरी सोसायट्या बोअरिंगचं आणि टँकरचं पाणी वापरतात. असं पाणी बऱ्याचदा जड असतं. ते तापलं की त्यातले क्षार कॉईलवर बसतात. पांढरट, खरखरीत थर. नखानं खरवडला तर पापुद्रे सुटतात. उष्णता या थराआड अडते, कॉईल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जळते.

2000 वॉटचा चांगला गीझर 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर वीसेक मिनिटांत नेतो. बराच जास्त वेळ लागू लागला, की साफसफाईची वेळ झाली समजा.

गीझर मात्र स्वतः उघडू नका, ही कळकळीची विनंती. मेन स्विच बंद करून जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा. आतली मॅग्नेशियमची कांडीही बघायला सांगा. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. अर्थिंग तपासून घ्या. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर गीझर तत्काळ बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा.