घरचा इतिहास आणि दुसरा साक्षीदार

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. पुढे राजपुत्रांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. शिकवावयाचे तर आधी स्वतः वाचावयास हवे, आणि वाचलेले टिपून ठेवावयास हवे. अशा वाचनातून व टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘मराठी रियासती’चे अनेक खंड निघाले. चार मुलांना इतिहास नीट सांगता यावा या खटाटोपातून मराठीत एवढा मोठा ग्रंथसंभार उभा राहिला, ही गोष्ट घरी इतिहास शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरण्यासारखी आहे.

राजवाड्याला सरदेसाई लाभतात. सामान्य घरात ते काम आईबापांनाच करावे लागते. अमेरिकेत १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकविण्यास कायद्याची मोकळीक मिळाली. तेथे अशा घरांसाठी इतिहासाचे तयार अभ्यासक्रम मिळतात, आणि ते पारखताना पालक दोन प्रश्न विचारतात: मुलाने वाचावे काय, आणि हातांनी करावे काय? हे प्रश्न योग्यच आहेत. पण तेवढ्याने भागते काय, हे पाहिले पाहिजे.

या परंपरेतील एक थोर नाव इंग्लंडमधील शार्लट मेसन यांचे. १८४२ साली जन्मलेल्या या बाईंनी ॲम्बलसाइड या गावी राहून घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने अभ्यासक्रम पाठविण्याची व्यवस्था उभारली. हिंदुस्थानात नोकरीस असलेल्या इंग्रज कुटुंबांनाही तिचा उपयोग झाला. पाठ्यपुस्तकांतील कोरडे सारांश त्यांना मान्य नव्हते. विषयावर प्रेम असलेल्या एका लेखकाने जीव ओतून लिहिलेले पुस्तक मुलाला द्यावे, उतारा एकदाच वाचावा, आणि मग पुस्तक मिटून मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावा, ही त्यांची रीत. हस्तव्यवसायाचा पसारा इतिहासाच्या तासाला नाही. मुलाजवळ एक ‘शतकांची वही’ असे. प्रत्येक शतकाला एक जोडपान, आणि संग्रहालयात पाहिलेल्या वस्तूचे चित्र ज्या त्या शतकाच्या पानावर काढावयाचे. कृती लहान, पण तिच्यामुळे काळाचा क्रम मनात ठसतो.

दुसरे नाव अमेरिकेतील व्हर्जिल हिलयर यांचे. बाल्टिमोर येथील कॅलव्हर्ट शाळेचे ते मुख्याध्यापक. या शाळेने १९०६ पासून घरी शिकणाऱ्या मुलांस पुस्तके, साहित्य आणि रोजच्या पाठांची टाचणे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. हिलयर यांनी १९२४ साली मुलांसाठी जगाचा इतिहास लिहिला. मुलाला समोर बसवून बोलावे तशी त्याची भाषा आहे. काळाची कल्पना यावी म्हणून त्यांनी शतकांचा एक जिनाच रेखाटला आहे.

तिसरे उदाहरण अलीकडचे. सुझन वाइझ बावर यांनी आपल्या मातोश्री जेसी वाइझ यांच्यासह घरच्या शिक्षणावरील एक ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे मुलांसाठी जगाचा इतिहास चार भागांत लिहिला: प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन आणि आधुनिक. प्रत्येक भागासोबत कृतींचे जाडजूड पुस्तक आहे. त्यात नकाशे आहेत, प्रश्न आहेत, खाद्यपदार्थांच्या कृतीदेखील आहेत. मिसरच्या पाठासाठी तर कोंबडीला मिठात ठेवून तिची ममी करण्याचा उद्योग सांगितला आहे, आणि तो आता चांगलाच प्रसिद्ध झाला आहे.

या तीन पद्धती शेजारी ठेवल्या की निवड सोपी वाटते. वाचनाची गोडी असलेल्या मुलास मेसनबाईंची रीत मानवेल, हात स्वस्थ न राहणाऱ्यास बावर यांची. तरीही कृतीची परीक्षा ती किती रंजक आहे यावर करू नये. मीठ पाण्याचा अंश शोषून घेते आणि मांस टिकते, हे कोंबडीवरून कळते. परंतु असा सोपस्कार कोणाच्या नशिबी येई, त्याचा खर्च कोण सोसू शके, आणि वाळूत पुरल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचे काय होई, हे कोणी विचारले नाही तर तो पाठ रसायनाचा होतो, इतिहासाचा राहत नाही.

वाचनातील उणीव याहून मोठी आहे. मेसनबाईंच्या अभ्यासक्रमात ‘अवर आयलंड स्टोरी’ हे १९०५ चे पुस्तक असे. ते रसाळ आहे; पण ब्रिटनच्या अंगणातून जग पाहणारे आहे. हिलयर यांचे जगही बव्हंशी युरोपचेच. याला उत्तर शोभावे असे एक पुस्तक आपल्याच देशात घडले. १९३० ते १९३३ या काळात निरनिराळ्या तुरुंगांतून पंडित नेहरूंनी आपल्या मुलीला १९६ पत्रे लिहिली. त्यांत चीन, इराण, अरबस्तान यांना मानाचे स्थान मिळाले. तथापि तेथेही बोलणारा एकच, आणि तो पिता. शाळेत निदान शेजारच्या बाकावरचा मुलगा वेगळे काही बोलतो. घरात आईबाप सांगतील तेच अखेरचे ठरते. घरच्या इतिहासाला खरा धोका हाच आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना हा धोका पटकन उमगेल. कोलकात्यातील एखाद्या मराठी घरात मुलाला नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या अभिमानाने सांगितल्या जातात. भास्करराम कोल्हटकराला अलिवर्दीखानाने १७४४ साली भेटीस बोलावून दग्याने मारले, हे ऐकून मूल हळहळते. १७५१ च्या तहाने सालीना बारा लाख रुपये चौथाई मिळाली, हे ऐकून सुखावते. आणि मग एखाद्या संध्याकाळी शेजारची बंगाली आजी नातवाला थोपटताना ज्या बर्गीचे भय घालते, तो बर्गी म्हणजे आपलाच बारगीर, हे त्याला कळते. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो स्वार घरच्या गोष्टीत शूर असतो आणि शेजारच्या अंगाईत गावे जाळणारा. त्या क्षणी मुलाने कोणाला खोटे मानावे, आईला की आजीला?

कोणालाच नाही. त्याच्या हाती दुसरा साक्षीदार द्यावा. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे काव्य १७५१ साली, म्हणजे तहाच्याच वर्षी, लिहिले. गावे सोडून पळणाऱ्या लोकांचे वर्णन त्यात आहे. त्याचा आशय मुलाला सांगावा, आणि त्याच्या शेजारी रियासतीतील हकीकत ठेवावी. कृतीसाठी कोंबडी नको. शहराचा नकाशा पुरे. बर्गीच्या धास्तीने कोलकातेकरांनी १७४२ साली एक खंदक खणावयास घेतला. स्वार शहरापर्यंत आलेच नाहीत, आणि खंदक अपुरा राहून पुढे बुजविला गेला. बागबाजारात त्याचे नाव एका गल्लीला उरले आहे. मुलाने ती गल्ली शोधावी. मग दोन पत्रे लिहावीत: एक बारगिराने नागपुरास घरी लिहिलेले, दुसरे बर्दवानकडील विणकराने आपल्या भावाला लिहिलेले. मेसनबाईंची सांगण्याची रीत, हिलयर यांचा काळाचा जिना आणि बावर यांचा नकाशा हे तिन्ही येथे एकत्र येतात, आणि त्या तिघांत नसलेला दुसरा आवाजही येतो.

सरदेसाई आणि सर जदुनाथ सरकार यांचा स्नेह अर्धशतक टिकला. एक मराठी, दुसरे बंगाली. महाराष्ट्राच्या इतिहासावरील सरकारांचे सगळेच निर्णय मराठी अभ्यासकांना रुचले नाहीत. तरी पत्रे जात येत राहिली, आणि पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दोघांनी मिळून संपादिला. आपल्या मताशी न जुळणारा साक्षीदार सरदेसाईंनी आयुष्यभर घरी येऊ दिला. अभ्यासक्रम कोणताही घ्यावा. तेवढा एक पाहुणा घरी येईल, अशी तजवीज मात्र आईबापांनीच केली पाहिजे.