आमच्यामागे कोण?



बौद्धिक अक्षमता वा स्वमग्नता असलेले अपत्य प्रौढ झाले, की आईवडिलांना एकच चिंता जाळते : आमच्यामागे कोण? सन १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची सोय केली. परंतु पालकत्वाचा कागद रात्री पांघरूण घालीत नाही. येथील जामडोलीच्या सरकारी निवासगृहात एप्रिल २०१६ मध्ये दहाहून अधिक जण दगावले. दूषित पाण्याचा संशय होता. बदलापूरचे ‘आधार’ मात्र पालकांनीच संघटित होऊन उभारले. आपल्यासारख्या दूरस्थ कुटुंबांस मामा-काका जवळ नसतात. म्हणून आम्हांस वाटते, मंडळातील दोघांनी दरमहा अशा गृहात जावे. पिण्याचे पाणी, अंथरूण पाहावे, प्रत्येकाची नावानिशी विचारपूस करावी. यांना विचारणारे कोणी आहे, एवढे तेथे कळले तरी पुष्कळ.