चाकाचा नट किती आवळावा?

रस्त्याच्या कडेला स्टेपनी लावून झाली, की पान्याच्या टोकावर पाय देऊन उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. नट घट्ट बसला, आता चाक सुटायचं नाही, अशी त्याची खात्री असते. आपण जरा हिशेब करू. पाना 30 सेंटिमीटरचा आणि माणूस 75 किलोचा. जोर गुणिले लांबी केली, की नटावरचा पीळ, म्हणजे टॉर्क निघतो. तो भरतो सुमारे 220 न्यूटन-मीटर. छोट्या गाडीच्या नटाला लागतो साधारण 85 ते 120. म्हणजे दुपटीच्या आसपास!

जास्त आवळलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. नट आवळताना पोलादी बोल्ट केसभर ताणला जातो आणि रबरासारखा आक्रसू पाहतो. त्या ओढीने चाक धुरीच्या टोकाला असलेल्या हबवर दाबून बसतं. गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका मुख्यतः पेलतं ते चाक आणि हब यांच्यामधलं घर्षण. बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला, तर तो पुन्हा आक्रसत नाही. आटे जातात आणि एखाद दिवशी बोल्टच तुटतो. ओढ कमी पडली, तर नट हळूहळू ढिले होतात. एक नट जास्त, एक कमी असं झालं, तर ब्रेकची डिस्क वाकडी होऊन पेडल थरथरू लागतं. तेव्हा पुरेसं घट्ट म्हणजे किती, हे अंगातल्या ताकदीवर सोडायचं नाही. तो एक आकडा असतो आणि गाडीच्या पुस्तिकेत तो छापलेला असतो.

आता सॉकेट, म्हणजे गॅरेजमधली गोटी. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना आणि होंडा सिटीला 19 मिलिमीटरची लागते, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना 21ची. फोक्सवॅगन पोलोला नट नसतातच. तिथे 17ची गोटी लागणारे बोल्ट असतात. 21च्या नटावर 22ची गोटी चढते खरी, पण कोपरे झिजवून ठेवते. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी नटाला फक्त कोपऱ्यांजवळ धरते आणि गंजलेल्या नटावरून सटकते. खोल गोटी घेतली, तर नटाबाहेर आलेला बोल्ट तिच्यात मावतो. अलॉय व्हील असेल, तर पातळ भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली गोटी घ्या, म्हणजे चाकावर ओरखडे उठत नाहीत. हवेच्या गनला मात्र काळी इम्पॅक्ट गोटीच लावायची. चकचकीत क्रोमची गोटी त्या ठोक्यांनी तडकू शकते.

लावलेल्या आकड्याला ‘टक्’ करणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, अर्ध्या इंची चौकोनाचा घ्यावा. 40 ते 200 न्यूटन-मीटरचा असला, की घरच्या गाडीचं काम भागतं. आपला आकडा त्या पट्ट्याच्या मध्याजवळ यावा, कारण अगदी खालच्या टोकाला रेंचची अचूकता घसरते. आकडा लावताना एकक पाहा. रेंचवर न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड अशा दोन्ही खुणा असतात. चुकून 100 फूट-पाउंड लावले, तर 136 न्यूटन-मीटर होतात. पुस्तिकेत किलोग्रॅम-मीटर दिले असतील, तर साधारण दहाने गुणा.

आवळायची रीतही ठरलेली आहे. हबवरचा गंज आणि चिखल पुसा. पुस्तिकेत सांगितलं नसेल, तर आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. पिळातला फार मोठा भाग घर्षणात जातो, हे धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. तेलाने घर्षण घटलं, की तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो. नट आधी हाताने फिरवून बसवा आणि एकाआड एक, समोरासमोरचे आवळत जा. गाडी जॅकवरून उतरवा, मग टॉर्क रेंच लावा. हात संथ ओढा. ‘टक्’ झालं, की थांबा. खात्रीसाठी म्हणून पुन्हा ओढलं, तर आकडा ओलांडलाच म्हणून समजा. या रेंचने नट सोडवायचे नाहीत, त्यासाठी साधा पाना आहे. काम झालं, की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते.

गाडीत टॉर्क रेंच नाही आणि वाटेत चाक बदलावं लागलं, तर? 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हाताने 40 किलोचा जोर दिला, की साधारण 98 न्यूटन-मीटर होतात. तेवढ्यावर गाडी हळू चालवत न्या आणि जवळच्या गॅरेजमध्ये नट मोजून आवळून घ्या. पुढे 50 ते 100 किलोमीटर झाले, की एकदा पुन्हा तपासा. टायरच्या दुकानात हवेची गन नटावर घरघरू लागली, तर सांगा, “गनने फक्त बसवा, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने करा.” त्याने आकडा विचारला, तर तो तुम्हाला सांगता आला पाहिजे. म्हणून आजच पुस्तिका उघडा आणि तो आकडा जॅकच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.