विद्यापीठाच्या पायऱ्या आणि अपंग विद्यार्थी



जोगेश्वरीच्या रोशन शेख या विद्यार्थिनीने २००८ साली लोकल गाडीच्या अपघातात दोन्ही पाय गमावले. भाजीविक्रेत्याची ही मुलगी जिद्दीने शिकली, वैद्यकीय प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली. आणि नेमका तेव्हाच तिला प्रवेश नाकारण्यात आला. अपंगत्व ७० टक्क्यांहून अधिक असेल तर वैद्यकीय शिक्षण घेता येणार नाही, असा नियम होता आणि तिची टक्केवारी त्यापुढे जात होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली, म्हणून परळच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले. रोशन शेख पुढे डॉक्टर झाल्या.

या प्रकरणात शासनयंत्रणेने शरीराचे मोजमाप केले; ही मुलगी काय करू शकते, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. तो विचारला जावा यासाठी पुष्कळ वर्षे जावी लागली. महाराष्ट्रातीलच ओमकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली निर्वाळा दिला, की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याची त्याची क्षमता प्रत्यक्ष तपासली पाहिजे. दोन विद्यार्थी न्यायालयापर्यंत पोहोचले. जे तेथवर पोहोचू शकले नाहीत त्यांची नोंद कोठल्याही दप्तरात नाही.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९९५ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित संस्थांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात त्या ५ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. दरम्यान सरकारी भाषेत 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. जिने होते तसेच राहिले. तथापि राखीव जागा विद्यार्थ्याला फार तर वर्गाच्या दारापर्यंत आणते. आत शिकवले कसे जाते, हा प्रश्न त्यापुढचा आहे आणि त्याची चर्चा शिक्षकवर्गातही अभावानेच होते.

प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात, तेव्हा ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्याचा तास तेथेच संपतो. 'हे यातून वजा केले की हे येते' असे म्हणत फळ्यावर बोट ठेवले जाते. अंध विद्यार्थ्याच्या हाती दोन सर्वनामे उरतात. प्रयोगशाळेतील ओटे उभ्याने काम करणाऱ्यांच्या मापाचे असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची अडचण तर दुहेरी. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणाली आज उपलब्ध आहेत, परंतु मराठीतील कितीतरी टिपणे जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत अडकलेली आहेत, नाहीतर पानांची नुसती छायाचित्रे काढून वाटलेली आहेत. यंत्राला ती वाचता येत नाहीत. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून देण्यास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासामागे किमान २० मिनिटे वाढीव मिळतात, ही सोय आवश्यकच आहे. परंतु वर्षभर ज्याच्यापर्यंत विषय पोहोचलाच नाही, त्याने त्या वाढीव मिनिटांत लिहावयाचे काय? शिवाय लेखनिक शोधण्याचे काम बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडते. ज्याच्या ओळखी अधिक त्याला लेखनिक चांगला, असा हा व्यवहार आहे. आणि चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलाच्या ओळखी त्या किती असणार?

उपनगरातील विद्यार्थ्याच्या बाबतीत रस्त्याचाही विचार करणे भाग आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात फलाट आणि गाडी यांमधील पोकळीत पडून एका १६ वर्षांच्या महाविद्यालयीन मुलीला दोन्ही हात गमवावे लागले. म्हणजे ज्या प्रवासातून शिक्षणाला जावयाचे तोच प्रवास विद्यार्थ्यांना अपंग करतो. त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत उद्वाहने आहेत आणि डब्याची जमीन फलाटाला समतल आहे. मनात आणले तर मुंबईत हे बांधता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. पण चाकाच्या खुर्चीवरून घाटकोपरहून अंधेरीपर्यंत आलेला विद्यार्थी स्थानकाबाहेरच्या तुटक्या पदपथावर अडतो, आणि तेथून पार पडलाच तर तिसऱ्या मजल्यावरील वर्गाच्या जिन्याशी अडतो.

जुन्या इमारतींत उद्वाहन बसवण्यास पैसा लागतो, ही सबब काही अंशी खरी आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांची आर्थिक ओढाताण कोणापासून लपलेली नाही. परंतु तो वर्ग तळमजल्यावर आणण्यास एक पैसाही लागत नाही. वेळापत्रक जूनमध्ये ठरते. प्रवेशाच्या अर्जावर विद्यार्थ्याच्या अपंगत्वाची नोंद असतेच. तो अर्ज कार्यालयातून वेळापत्रक आखणाऱ्या प्राध्यापकांच्या टेबलापर्यंत, वर्गखोल्यांचे वाटप होण्यापूर्वी, गेला पाहिजे. प्राचार्यांनी तसा लेखी आदेश काढावा, आणि तो निघेपर्यंत प्राध्यापक संघटनेने व विद्यार्थी संघटनेने त्यांचा पिच्छा सोडू नये.